विरहाची कविता भुजंगप्रयातात: वृत्त, यमक आणि पुन्हा पुन्हा येणारी ओळ तपासून हवी आहे

कृष्णाकाठ_सांगली (प्रश्न)

नमस्कार. खालची कविता तीन कडव्यांची आहे. ठिकाण हरिपूरचा संगम, जिथे वारणा कृष्णेला मिळते. दोघं तिथे भेटायचे, आता ती नाही, आणि शेवटच्या कडव्यात पूर येतो. भुजंगप्रयातात लिहिण्याचा प्रयत्न आहे. मात्रा मोजल्या तर बहुतेक ओळींत २० येतात, दोन ओळींत १९. मोठ्याने वाचताना मला कुठेच अडखळायला होत नाही, पण काव्यवाचनात दोघा-तिघांनी "मध्येच लय तुटते" असं सांगितलं. कुठे तुटते ते कुणालाच दाखवता आलं नाही.

१. नदीच्या किनारी जुना घाट आहे
२. तिथे सावली एकटी वाट पाहे
३. तुझ्या पावलांचा ठसा कोरडासा
४. तुझी वाट आता कुणी पाहतो का

५. कधी भेटलो संगमाच्या कडेला
६. उरे गंध ओल्या जुईचा उशाला
७. तुझे शब्द अजून स्मरतात सारे
८. तुझी वाट आता कुणी पाहतो का

९. पुन्हा पूर आला नदी लाल झाली
१०. जुनी पायरी आज पाण्यात गेली
११. मनाची कवाडं मी बंद केली
१२. तुझी वाट आता कुणी पाहतो का

विचारायचं आहे ते असं. लय नेमकी कुठे तुटते? दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यातलं यमक कानाला कच्चं का वाटतं? चौथी ओळ तीनदा येते, ते जास्त होतं का? आणि शक्य असेल तर 'हरिपूर' हे नाव कवितेत आणायचं आहे. कशीही ओळ केली तरी ते बसत नाही.

---

लगावली

वृत्तापासून सुरू करतो. तिथली गाठ सुटल्याशिवाय बाकीचं नीट दिसणार नाही.

भुजंगप्रयात म्हणजे चार 'य' गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट): लगागा लगागा लगागा लगागा. 'ल' म्हणजे लघु, एका मात्रेचं अक्षर, आणि 'गा' म्हणजे गुरू, दोन मात्रांचं. अक्षरं १२, मात्रा २०. हे अक्षरगणवृत्त आहे, म्हणून नुसत्या मात्रा जुळून भागत नाही, प्रत्येक लघु-गुरू आपल्या जागेवरच यावा लागतो. तुम्ही बेरीज तपासली, क्रम तपासला नाही. ओळ तपासताना शब्द विसरायचे आणि अक्षरं सुटी करून तीन-तीनचे गट पाडायचे:

तु झी वा । ट आ ता । कु णी पा । ह तो का

प्रत्येक गटाचं पहिलं अक्षर लघु आणि पुढची दोन गुरू आहेत. ही ओळ निर्दोष आहे. याच रीतीने बघितलं तर १ ते ६, ८, ९, १० आणि १२ बरोबर बसतात. मोडतात फक्त ७ आणि ११.

सातवी: तु झे श । ब्द अ जू । न स्म र । ता त सा । रे. अक्षरं १३. पहिला गट ठीक, कारण 'ब्द'च्या आघाताने 'श' गुरू होतो. दुसऱ्या गटात 'अ' गुरू हवा होता, तो लघु आहे, आणि तिथून पुढे सगळं घसरतं. 'न स्म र' हे ओळीने तीन लघु झाले. या वृत्तात दोन लघुसुद्धा शेजारी येऊ शकत नाहीत. कुणी म्हणेल, 'स्म'मुळे मागचा 'न' गुरू धरा, म्हणजे मात्रा २० होतील. मराठीत पुढच्या शब्दाच्या आरंभीच्या जोडाक्षराने मागच्या शब्दाचं शेवटचं अक्षर सहसा गुरू होत नाही. आणि धरलं तरी क्रम चुकलेलाच राहतो.

अकरावी: म ना ची । क वा डं । मी बं । द के ली. अक्षरं ११. 'मी'च्या आधी एक लघु गळला आहे. तुम्ही वाचताना 'कवाडंऽ' असं ओढून ती जागा भरता, म्हणून तुम्हाला खड्डा जाणवत नाही. ऐकणाऱ्याला जाणवतो.

मोठ्याने वाचून चूक का सापडत नाही, त्याचं कारण मराठी उच्चारात आहे. बोलताना आपण 'भेटलो', 'एकटी', 'पाहतो' यांतला मधला 'अ' गिळतो: भेट्लो, एक्टी, पाह्तो. वृत्तात मात्र 'भे ट लो' ही तीन अक्षरं, गालगा. 'वाट', 'घाट' यांतला शेवटचा 'ट'सुद्धा पूर्ण लघु मोजायचा. म्हणजे जीभ एक हिशोब करते आणि वृत्त दुसरा. स्वतःची कविता वाचताना जीभ आपोआप सांभाळून घेते. म्हणून तपासणी कागदावर करावी, किंवा कविता आधी न पाहिलेल्या माणसाला वाचायला द्यावी आणि तो अडेल तिथे खूण करावी.

जोडाक्षरांचा सर्वात जास्त घोळ होतो, तेव्हा थोडं त्याबद्दल. जोडाक्षराआधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं ते उच्चारात त्याच्यावर आघात येत असेल तरच. 'शब्द', 'फक्त', 'पत्र' हे सगळे गाल. पण 'तुझ्या', 'पुन्हा', 'जुन्या' यांत पहिल्या अक्षरावर आघात नाही, म्हणून लगा. 'दिव्य'मधला 'दि' गुरू आणि 'दिव्याला' (दिवा या शब्दाचं रूप) यातला 'दि' लघु. 'सूर्या'तला 'र्य' आणि 'पायऱ्या'तला 'ऱ्य' हेही वेगळे: 'पायऱ्या' गालगा आहे. फोनवर ते 'पायर्या' असं उमटलं तर वाचणारा 'य'वर आघात देईल आणि बरोबर ओळ चुकीची ठरेल. छापायला पाठवताना एवढं नक्की बघा.

आता 'हरिपूर'. ह रि पू र म्हणजे ललगाल. दोन लघु शेजारी, त्यामुळे हा शब्द भुजंगप्रयातात कुठेही बसणार नाही. दोष तुमचा नाही, शब्दाचा साचाच वेगळा आहे. तसंच 'मिरज' (ललल) नाही, आणि 'सातारा' (गागागा) तीन गुरू ओळीने आल्यामुळे नाही. 'सांगली' (गालगा), 'कृष्णा' (गागा), 'वारणा' (गालगा), 'कोयना' (गालगा) हे बसतात. खुद्द 'संगम' (गालल) जसाच्या तसा बसत नाही, 'संगमाच्या' केलं की बसतो. नाव हवंच असेल तर पाचवी ओळ 'कधी भेटलो वारणेच्या कडेला' अशी होऊ शकते. सांगलीकडच्या वाचकाला तेवढ्यावरून जागा कळेल.

---

वेण्णाकाठ_सातारा

लगावलीचं, म्हणजे लघु-गुरूंच्या क्रमाचं, वर नेमकं सांगून झालं आहे. मला यती (ओळीच्या मधला थांबा) आणि वृत्ताचा स्वभाव याबद्दल बोलायचं आहे, कारण लय तुटते ती फक्त ७ आणि ११मध्ये नाही.

भुजंगप्रयात वाचताना सहाव्या अक्षरानंतर सहज थांबा पडतो. तुमची चौथी ओळ त्याचा चांगला नमुना आहे: 'तुझी वाट आता । कुणी पाहतो का'. नववीही तशीच: 'पुन्हा पूर आला । नदी लाल झाली'. पण दुसरीत थांबा 'ए । कटी' असा शब्दाच्या पोटात पडतो, दहाव्या ओळीत 'आ । ज' असा, आणि पाचवीत 'सं । गमाच्या' असा. लगावली बिनचूक असून ओळ अडखळते ती यामुळे. हा यतिभंग दर वेळी दोषच असतो असं मी मानत नाही. पण १२ ओळींत तीनदा आणि कारणाशिवाय आला तर कान थकतो. दुसरी आणि दहावी दुरुस्त करावी. पाचवीबद्दल माझं मत वेगळं आहे: ताटातुटीच्या कवितेत 'संगम' हाच शब्द मधोमध तुटतो, ते मला अर्थाला धरून वाटतं. (इथे साताऱ्यात संगम म्हटलं की माहुली डोळ्यासमोर येते, कृष्णा-वेण्णेची. त्यामुळे वारणेचं नाव न घालता नुसता 'संगम' ठेवला तर कविता साताऱ्याच्या आणि कराडच्या वाचकालाही आपली वाटेल.)

दुसरी गोष्ट वृत्ताच्या आठवणीची. मनाचे श्लोक, २०५ श्लोक, सगळे भुजंगप्रयातात आहेत. सज्जनगडाच्या परिसरात वाढलेल्या माणसाच्या कानात ही चाल लहानपणापासून असते, आणि तिच्यात दर ओळीला एक पुरं वाक्य येऊन टेकतं. तुमच्या पहिल्या कडव्यातही दर ओळीला वाक्य संपतं. त्यामुळे विरह सांगणारा आवाज उपदेश करणाऱ्या आवाजासारखा ऐकू येतो. वृत्त बदलायची गरज नाही. तिसरी ओळ अपुरी ठेवा, तिचा अर्थ चौथीत सांडू द्या. आत्ता तिसऱ्या ओळीत 'कोरडासा' आहे. यातला 'सा' नुसता भरतीचा, अक्षरं पुरी करायला आलेला. 'तुझ्या पावलांचा ठसा मात्र ओला' करून बघा: ठ सा मा । त्र ओ ला. 'मात्र' मागच्या ओळीशी भांडतो, 'ओला' पुढच्या प्रश्नाकडे नेतो, आणि कोरडा ठसा दिसणार तरी कसा हा प्रश्नही मिटतो.

दुसऱ्या ओळीतून 'वाट पाहे' काढा असं मी आग्रहाने म्हणेन. धृपद (पुन्हा पुन्हा येणारी ओळ) येण्याआधी दोनच ओळी वाट पाहून झाली, तर धृपदाची पहिली भेट वाया जाते. शिवाय 'पाहे' आणि 'पाहतो' ही एकाच क्रियापदाची जुनी आणि आजची रूपं एकाच कडव्यात खटकतात. 'आहे'ला यमक जुळवायला गेलं की ही अडचण येतेच. राहे, वाहे, साहे, पाहे, सगळी जुनी रूपं.

---

काफिया_मिरज

यमकाबद्दल लिहिते.

दुसऱ्या कडव्यात 'कडेला' आणि 'उशाला'. दोन्हींत समान आहे ते फक्त 'ला', आणि तो विभक्तीचा प्रत्यय. प्रत्यय जुळणं म्हणजे यमक जुळणं नव्हे. तसं धरलं तर मराठीतली कुठलीही दोन नामं 'ला' लावून जुळतील. प्रत्ययाच्या आधीचा स्वर बघायचा. गझलेत त्याला अलामत म्हणतात: 'कडेला'त 'ए', 'उशाला'त 'आ'. स्वर बदलला की कान यमक नाकारतो. कच्चं वाटतं ते याचमुळे.

दोन रस्ते आहेत. जुई जपायची असेल तर पाचवी बदला: 'कधी संगमाचा किनारा मिळाला / उरे गंध ओल्या जुईचा उशाला'. मिळाला-उशाला, स्वर 'आ', यमक पक्कं, यतीही जागेवर. पण यात भेट हरवते, आणि 'किनारा' पहिल्या ओळीतून परत येतो. मला दुसरा रस्ता जास्त पटतो: 'कडेला' ठेवा आणि सहावीत 'गेला' आणा.

तुझा शब्द पाण्यासवे दूर गेला

तु झा श । ब्द पा ण्या । स वे दू । र गे ला. 'शब्द' इथे बोलणंही आहे आणि दिलेलं वचनही. जुई आणि उशी घरातल्या वस्तू आहेत. बाकी सगळं कडवं नदीवर आहे, त्यामुळे त्या तशाही उपऱ्या वाटत होत्या.

तिसऱ्या कडव्यात वेगळा घोटाळा आहे. झाली, गेली, केली. इथे 'गेली-केली' हीच जोडी खरी जुळते, म्हणजे १० आणि ११. 'झाली' बाहेर राहते. पहिल्या कडव्यात पहिली-दुसरी ओळ जुळते, तिसरी मोकळी आणि चौथी धृपद. तिसऱ्यात मात्र जोड दुसरी-तिसरीकडे सरकला. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण आराखडा बदलल्याचं कानाला कळतं. 'झाली'ला 'आली' या अंत्याची जोड हवी: बुडाली, निघाली, उडाली, न्हाली. पूर आहे, तेव्हा 'बुडाली' घ्या. 'न्हाली' वृत्तात बसते, पण ती पुराला सोहळा करून टाकते.

जुन्या पायऱ्यांची निशाणी बुडाली

यतीसुद्धा सहाव्यावर येते.

आता दुसऱ्या ओळीबद्दल 'वेण्णाकाठ' यांच्याशी मी अर्धी सहमत आहे. 'वाट पाहे' जावं, पण 'वाट' राहावी. 'आहे'शी यमक शोधण्याऐवजी 'आहे'च दोन्ही ओळींत ठेवा, रदीफ (यमकानंतर जसाच्या तसा परत येणारा शब्द) म्हणून, आणि यमक त्याच्या आधी आणा:

नदीच्या किनारी जुना घाट आहे
तिथे सावलीची रिती वाट आहे

काफिया, म्हणजे यमकाचे शब्द, घाट-वाट. जुनी क्रियापदं आणायची गरजच संपली. इथली 'वाट' म्हणजे रस्ता, आणि दोन ओळींनी 'तुझी वाट' येते ती वाट पाहण्याची. तीच अक्षरं, अर्थ दुसरा. जुने लोक यालाच यमक अलंकार म्हणत. पुनरुक्तीचा दोष होता, त्याच शब्दातून आता धृपद उगवतं. 'ति थे सा । व ली ची । रि ती वा । ट आ हे', यती 'सावलीची'नंतर.

---

कृष्णाकाठ_सांगली

तिघांचेही मनापासून आभार. 'रिती वाट' आणि 'मात्र ओला' लगेच घेतले. दहावी मी स्वतः अशी करून पाहिली: 'जुनी पायरी खोल पाण्याखाली'. 'झाली-खाली' यमक जुळतं. अकरावी: 'मनाची कवाडे अता बंद केली'. सातवीला पर्याय सापडत नाही. आणि धृपदाचं काय करावं?

---

लगावली

'पाण्याखाली' म्हणजे पा ण्या खा ली, चार गुरू ओळीने. 'सातारा'सारखंच, या वृत्तात अशक्य. अक्षरं मोजा, ११ भरतील. यमक सापडल्याच्या आनंदात वृत्त सुटण्याची ही नेहमीची जागा. आधी यमकाच्या शब्दाची लगावली लिहावी, मग ओळ मागून पुढे बांधावी. भुजंगप्रयातात ओळीचा शेवट लगागा असाच हवा. 'बुडाली' लगागा आहे. 'पाण्याखाली'चा शेवट गागागा होतो. म्हणून 'निशाणी बुडाली'.

'अता' वृत्तात बसतो आणि मराठी कवितेत ही सूट रूढ आहे. पण लगेच पुढच्या ओळीत 'आता' येतं. एकच शब्द शेजारच्या ओळींत ऱ्हस्व आणि दीर्घ लिहिला की सूट घेतल्याचं उघडं पडतं. शिवाय 'मनाची कवाडे' फार वापरून गुळगुळीत झालेली प्रतिमा. बाकीच्या कवितेत घाट, ठसा, पायरी अशा हात लावता येतील अशा वस्तू आहेत, तशीच एक इथे ठेवा: 'घराच्या दिव्याला जरा तेल बाकी'. घ रा च्या । दि व्या ला । ज रा ते । ल बा की. अंत्य 'बाकी' मोकळा, त्यामुळे आराखडाही पाळला जातो.

सातवीसाठी: 'तुझा सूर आहे अजूनी उराशी'. सहावी 'तुझा शब्द', सातवी 'तुझा सूर', आठवी 'तुझी वाट'. आरंभीची ही पुनरुक्ती ठेवण्यासारखी आहे, कारण शब्द गेला, सूर राहिला, आणि मग प्रश्न, असा उतार तयार होतो. 'अजून'चं 'अजूनी' हे कवितेत चालणारं रूप, कुणी हरकत घेणार नाही.

---

वेण्णाकाठ_सातारा

धृपद तीनदा जास्त नाही. मात्र तीनही वेळा त्याचा अर्थ तोच राहिला तर ते जास्त होतं. आत्ता 'कुणी' कोण, ते पाहा. पहिल्या कडव्यात सावली असेल असं वाटतं. दुसऱ्यात ऐकणाऱ्याला कळतं की 'कुणी' म्हणजे बोलणारा स्वतःच, 'पाहतो' या पुल्लिंगी रूपामुळे. तो 'मी' म्हणत नाही, 'कुणी'च्या आड उभा राहतो. हे फार चांगलं साधलं आहे. तिसऱ्यात मात्र नवं काही घडत नाही, तीच लपाछपी चालू राहते.

शेवटच्या वेळी एकच शब्द बदला:

तुझी वाट आता नदी पाहते का

'कुणी' लगा, 'नदी' लगा, जागा तीच, सातवं-आठवं अक्षर. 'पाहतो'चं 'पाहते' लिंगामुळे आपोआप होतं, वजन तेच. कविता 'नदीच्या'ने सुरू होते, पुरात नदी पायऱ्या चढून येते, आणि वाट पाहण्याचं काम माणसाकडून नदीकडे जातं. शिवाय तिसऱ्या कडव्यात 'तुझ-' हा शब्द या एका ओळीशिवाय कुठेच नाही. पहिल्या कडव्यात तो दोनदा आहे, दुसऱ्यात तीनदा. शेवटच्या कडव्यात ती कवितेतून निघून जाते, हे मोजून दाखवता येतं.

---

काफिया_मिरज

धृपद बदलण्याला माझा विरोध होता, कारण काव्यवाचनात श्रोते तिसऱ्या वेळी ती ओळ सोबत म्हणायला लागतात. पण हा बदल सहा अक्षरांनंतर येतो. 'तुझी वाट आता' इथपर्यंत सगळे सोबत येतील, यतीवर थांबतील, आणि 'नदी' तुम्ही एकट्याने म्हणाल. म्हणून हरकत मागे घेते. अट एकच: दुसऱ्या कडव्यात मुळीच बदलू नका. श्रोत्याला आधी दोनदा सवय लागली पाहिजे, तरच तिसऱ्यांदा तो चपापेल.

नवव्या ओळीत 'आला'नंतर स्वल्पविराम द्या. आणि धृपदाला प्रश्नचिन्ह नको. 'का' पुरेसा आहे.

---

कृष्णाकाठ_सांगली

सगळं घेऊन आता अशी झाली:

नदीच्या किनारी जुना घाट आहे
तिथे सावलीची रिती वाट आहे
तुझ्या पावलांचा ठसा मात्र ओला
तुझी वाट आता कुणी पाहतो का

कधी भेटलो संगमाच्या कडेला
तुझा शब्द पाण्यासवे दूर गेला
तुझा सूर आहे अजूनी उराशी
तुझी वाट आता कुणी पाहतो का

पुन्हा पूर आला, नदी लाल झाली
जुन्या पायऱ्यांची निशाणी बुडाली
घराच्या दिव्याला जरा तेल बाकी
तुझी वाट आता नदी पाहते का

बाराही ओळी सुट्या अक्षरांत लिहून पुन्हा तपासल्या. सगळीकडे १२ अक्षरं आणि लगागा चारदा. सहावीत यती 'पाण्या । सवे' अशी पडते, पण तिथे शब्द आणि शब्दयोगी अव्यय यांची सांधच आहे, म्हणून राहू देतो. वारणेचं नाव घातलं नाही. पाचवीत 'सं । गम' तुटलेलाच ठेवला आहे.